चुकलेलं नाव की नवं नाव?

प्रोग्राम लिहायच्या एडिटरमध्ये कोडमधलं एखादं नाव टाइप केलं आणि एडिटरला ते ओळखता आलं नाही, तर दोनच शक्यता असतात. एक तर टाइप करणाऱ्याचं बोट घसरलं, नाहीतर त्याला खरंच नवं नाव ठेवायचं होतं. पडद्यावर दोन्ही गोष्टी अगदी सारख्या दिसतात. नावं आपोआप दुरुस्त करणाऱ्या सोयी किती कामाच्या हे मला विचाराल तर इथेच ठरतं. गेल्या काही वर्षांत एडिटर खूप हुशार झाले, पण या जागेकडे त्यांचं लक्ष अजून पुरेसं गेलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

मी दादरला एका छोट्या कंपनीत काम करते. आम्ही पतपेढ्यांसाठी आणि पगारदार नोकरांच्या पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. सभासद, भागभांडवल, हप्ता, व्याज, थकबाकी, वसुली हे आमचे रोजचे शब्द, आणि कोडमध्येही ते तसेच येतात, फक्त रोमन लिपीत. इंग्रजी नावं का वापरत नाही, असं बाहेरचे लोक विचारतात. वापरून पाहिली होती. पण पोटनियम मराठीत, ठराव मराठीत, काउंटरवरचं बोलणं मराठीत. ‘सभासद’ला मेंबर म्हटलं की ‘नाममात्र सभासद’ला काय म्हणायचं यावर अर्धा तास जातो, आणि प्रत्येकजण मनातल्या मनात वेगळं भाषांतर करत बसतो. काउंटरवरचा माणूस आणि कोड एकाच शब्दांत बोलले की चूक लवकर सापडते, हा माझा पक्का अनुभव आहे.

त्याची किंमतही आहे. ‘व्याज’ लिहिताना कोणी एक ए घालतं, कोणी दोन. ‘वसुली’ कोणी व्हीने सुरू करतं, कोणी डब्ल्यूने. शेवटी आय की ई-ई हा आणखी एक फाटा. माणसाला यातलं काहीच चुकीचं वाटत नाही, कारण वाचताना सगळं एकच ऐकू येतं. मशीनसाठी मात्र ती चार वेगळी नावं.

फोनवरचा कीबोर्ड आपले शब्द बदलतो तेव्हा त्याच्या हाताशी भाषेच्या अंदाजापलीकडे फारसं काही नसतं. एडिटर त्या मानाने कितीतरी श्रीमंत. कर्सर जिथे आहे तिथे कोणकोणती नावं चालतील याची यादी त्याच्याकडे तयार असते. या फंक्शनमधली (एक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यातली) कोणती, या क्लासमधली (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधणाऱ्या साच्यातली) कोणती, बाहेरून आयात केलेली कोणती, सगळं त्याला ठाऊक असतं. एखाद्या नावामागे तारीख आहे की रक्कम, हेही बहुतेक वेळा कळतं. इतकं हाताशी असताना दुरुस्ती नुसती अक्षरं मोजून करायची म्हणजे घरात भरलेला डबा ठेवून उपाशी निघण्यासारखं आहे.

अक्षरं मोजण्याचं शास्त्र मात्र भक्कम आहे आणि जुनंही. 1964 साली आयबीएममधल्या फ्रेडरिक डॅमरो यांनी दाखवून दिलं की त्यांनी तपासलेल्या चुकांपैकी 80 टक्क्यांहून जास्त चुका चारच प्रकारांत बसतात: एक अक्षर चुकीचं, एक गळलेलं, एक जादा, किंवा शेजारची दोन अक्षरं उलटसुलट. पुढच्याच वर्षी रशियन गणिती व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन यांनी एका शब्दावरून दुसऱ्यावर जायला कमीत कमी किती फेरफार लागतात हे अंतर म्हणून मांडलं. त्यांच्यासमोर शुद्धलेखन नव्हतंच. संदेश पाठवताना गळणाऱ्या आणि मध्येच घुसणाऱ्या बिट्सचा प्रश्न ते सोडवत होते. आज आपल्याला कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) ‘तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का?’ असं विचारतो, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा या दोघांचंच गणित असतं.

त्या गणितात पुढे बारीकसारीक शहाणपण येत गेलं. डिसेंबर 2015 मध्ये रुबी या प्रोग्रामिंग भाषेच्या 2.3 आवृत्तीसोबत ‘डिड यू मीन’ मुळातच मिळायला लागलं. ऑक्टोबर 2021 मध्ये आलेल्या पायथन भाषेच्या 3.10 आवृत्तीने न सापडलेल्या नावासाठी जवळचं नाव सुचवायला सुरुवात केली, आणि तिथे लहान आणि कॅपिटल अक्षरांतला फरक पूर्ण चूक न धरता अर्धीच धरली. हा निर्णय कोणीतरी रोज टाइप करणाऱ्यानेच घेतला असणार. रस्ट भाषेचा कंपायलर नावाच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश इतकेच फेरफार चालवून घेतो, म्हणजे छोट्या नावांबाबत तो सावध राहतो. शिवाय नावातले शब्द मागेपुढे झाले असतील तर तेही ओळखतो. ‘शिल्लक-आरंभी’ आणि ‘आरंभी-शिल्लक’ यांत अक्षरांचं अंतर प्रचंड आहे, पण माणसाच्या डोक्यात काहीच नाही.

मला सगळ्यात आवडलेली सुधारणा 2023 च्या पायथन 3.12 मधली. क्लासच्या आत असताना नाव सापडलं नाही, पण त्याच ऑब्जेक्टवर (त्या साच्यातून बनलेल्या वस्तूवर) तेच नाव असेल, तर पायथन ‘सेल्फ लावायचं राहिलं का?’ असं विचारतो; सेल्फ म्हणजे ‘याच वस्तूचं’. पायथनसोबतच मिळणाऱ्या तयार कोडच्या संग्रहातल्या, म्हणजे प्रमाणित लायब्ररीतल्या, मॉड्यूलचं नाव आयात न करताच वापरलं, तर ते आयात करायचं राहिलं का, असं विचारतो. इथे एकही अक्षर चुकलेलं नसतं. नाव कुठे राहतं हे पाहून केलेली ती मदत आहे, आणि पुढचा रस्ता याच दिशेने जातो असं मला वाटतं.

पण या सगळ्या सोयी जाग्या कधी होतात? नाव सापडलं नाही तेव्हा. न सापडण्याची वेळच आली नाही तर?

लालबागकडच्या एका पतपेढीतून फोन आला. तिथे वसुलीचं काम पाहणारे काका नेहमी शांत बोलतात, त्या दिवशीही शांतच होते. म्हणाले, “ताई, हा माणूस तीन महिने हप्ता भरत नाही, आणि तुमचा उतारा म्हणतो थकबाकी शून्य. मग मी नोटीस कशाच्या जोरावर काढू?” आकडा शून्य पाहून दुसरा कोणी गप्प बसला असता. काकांना तो कर्जदार चेहऱ्याने माहीत होता म्हणून ते थांबले.

आमच्याकडे नव्याने लागलेली मुलगी आणि मी ते फंक्शन उघडून बसलो. पायथनमधलं, जेमतेम पडदाभर. सगळ्यात वर थकबाकी शून्य केलेली. मधे एक अट: भरणा हप्त्यापेक्षा कमी असेल तर थकबाकी म्हणजे हप्ता वजा भरणा. शेवटी थकबाकी परत पाठवलेली. वाचत गेलं की सगळं बरोबर. तिने मग ते नाव निवडलं, तेव्हा एडिटरने त्या नावाच्या बाकीच्या जागा उजळवल्या आणि मधली ओळ अंधारातच राहिली. मधल्या ओळीत ‘बाकी’ला दोन ए होते, वर आणि खाली एक. पायथनमध्ये किंमत ठेवली की नाव तयार होतं, वेगळं जाहीर करावं लागत नाही. त्यामुळे मधल्या ओळीने एक नवीकोरी थकबाकी जन्माला घातली, तिच्यात बरोबर आकडा ठेवला, आणि तो आकडा कोणीच कधी वाचला नाही. प्रोग्राम कुठेही अडखळला नाही.

ती म्हणाली, “ताई, दिवसभर हा मला नावं सुचवत असतो. मग हे कसं नाही दिसलं त्याला?”

तिचा प्रश्न अगदी रास्त होता. त्या फंक्शनमध्ये पुरावा उघडा पडला होता. एक नाव असं, की ज्यात लिहिलं जातं पण जे कधी वाचलं जात नाही. दुसरं असं, की जे वाचलं जातं पण सुरुवातीच्या शून्यानंतर कधी बदलत नाही. आणि या दोन नावांत एका अक्षराचा फरक. यातली कोणतीही एक गोष्ट सुटी घेतली तर ती निर्दोष असू शकते. तिन्ही एकत्र आल्या की शंकेला जागा राहत नाही. लिंटरने (कोड न चालवता त्यातल्या संशयास्पद जागा दाखवणाऱ्या साधनाने) ‘हे व्हेरिएबल वापरलेलं नाही’ म्हणून पिवळी रेघ ओढलेलीही होती, पण तशा रेघा त्या फाइलमध्ये ढिगाने होत्या. माहिती सगळी होती, ती जोडून कोणी विचारलं नाही: ‘ही थकबाकी आणि वरची थकबाकी एकच आहेत का?’

हुशार दुरुस्ती म्हणताना मला हे अभिप्रेत आहे. अक्षरांच्या जवळिकीला वापराची साक्ष जोडायची. कोणतं नाव कुठे वाचलं जातं, कुठे लिहिलं जातं, त्यात पैसे आहेत की तारीख, ते या फाइलमध्ये एकदाच आलंय की शंभरदा. शंभरदा आलेल्या नावाशेजारी, त्याच्यापासून एका अक्षरावर असलेलं एक नाव एकदाच आलं, तर त्याची चौकशी व्हायलाच हवी.

याच जातीची आणखी एक जागा सांगते. पायथनमध्ये चाचणीसाठी जी नकली ऑब्जेक्ट्स वापरतात, ती कोणतंही नाव निमूट स्वीकारतात. म्हणजे ‘असर्ट’ने सुरू होणारी तपासणी लिहिताना अक्षरं मागेपुढे झाली तर तपासणी होतच नाही आणि चाचणी उत्तीर्ण दिसते. शेवटी लायब्ररीच्या लेखकांनी ‘असर्ट’ आणि त्याची ‘असरेट’सारखी नेहमी होणारी चुकीची रूपं यांची यादीच कोडमध्ये घातली. यांपैकी कशानेही सुरू होणारं अनोळखी नाव आलं की आता एरर येतो. ठिगळ आहे, पण ज्याने ते लावलं त्याला दुखणं नेमकं कळलं होतं. जुन्या भाषांनाही ते कळलं होतं. फोरट्रानमध्ये ‘इम्प्लिसिट नन’ आणि व्हिज्युअल बेसिकमध्ये ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ लिहिण्याची सक्ती बहुतेक ठिकाणी असायची ती याचसाठी: नाव आधी जाहीर करा, मगच वापरा.

म्हणून माझं म्हणणं असं, की एडिटरने आपली हुशारी नाव जन्मतं त्या क्षणी खर्च करावी. बारशालाच कोणी म्हणालं की अहो, या घरात याच नावाचा एक मुलगा आधीच आहे, तर काही बिघडत नाही. शाळेच्या दाखल्यावर चढल्यानंतर तेच सांगितलं तर पुढची सगळी कागदपत्रं बदलावी लागतात. कोडमध्ये तर अनेकदा ती बदलताच येत नाहीत.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नवी फाइल तयार करणारा एक कॉल (प्रोग्रामने सिस्टिमला घातलेली हाक) आहे, ‘क्रिएट’, आणि त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा ई गळलेला आहे. युनिक्स पुन्हा लिहिलंत तर काय बदलाल, असं त्याचे एक निर्माते केन थॉम्प्सन यांना विचारलं गेलं, तेव्हा क्रिएटला ई लावीन, असं त्यांनी सांगितलं. तो ई आजही लागलेला नाही. वेबचंही तसंच. एका पानावरून दुसऱ्यावर गेलं की आपण कुठून आलो हे ब्राउझर एका हेडरमध्ये, म्हणजे मागणीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत, सांगतो. त्या ‘रेफरर’च्या स्पेलिंगमधला एक आर गळला, 1996 च्या वेबच्या नियमांच्या दस्तऐवजात तो तसाच छापला गेला आणि जगभरचे सर्व्हर तेच चुकीचं नाव ओळखायला शिकले. पुढे त्याच विषयावर ‘रेफरर पॉलिसी’ नावाचं नवं हेडर आलं तेव्हा त्यात दोन्ही आर घातले. आता एकाच संवादात चुकीचं आणि बरोबर स्पेलिंग शेजारी शेजारी असतात, आणि दोन्ही अचूक तसंच लिहावं लागतं. इथे एखाद्या अतिउत्साही एडिटरने शुद्धलेखन सुधारलं तर काम बंद पडेल. चुकलेलं नाव एकदा लोकांच्या हाती गेलं की तेच खरं नाव होतं.

मुंबईत राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. 1995 मध्ये शहराचं नाव इंग्रजीतही अधिकृतपणे मुंबई झालं. पण विमानाच्या तिकिटावर आजही बीओएम हीच तीन अक्षरं येतात, हायकोर्ट इंग्रजीत बॉम्बे हायकोर्टच आहे, आणि पवईच्या फाटकावर आयआयटी बॉम्बेच लिहिलेलं आहे. ज्या नावावर बाहेरच्या असंख्य नोंदी टेकलेल्या असतात, ते आपल्या घरात बदललं म्हणून बाहेर बदलत नाही.

एडिटरमधलं ‘रीनेम’ याच भिंतीला येऊन थडकतं. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एडिटर आणि भाषांची साधनं यांच्यातल्या संवादाचे समान नियम, खुला केला. तेव्हापासून नाव बदलण्याची सोय कोणत्याही एडिटरला कोणत्याही भाषेसाठी मिळू शकते, आणि ती शोधा-आणि-बदला यापेक्षा फार वरच्या दर्जाची असते. दोन फंक्शनांत एकाच नावाची दोन वेगळी व्हेरिएबल्स असतील तर ती बरोबर एकालाच हात लावते. पण डेटाबेसच्या तक्त्यातलं कॉलमचं नाव, अवतरणातला मजकूर, दुसऱ्या संस्थेला पाठवायच्या फाइलमधलं शीर्षक, हे सगळं तिच्या नजरेबाहेर. आमच्या एका तक्त्यात ‘वसुली’ डब्ल्यूने आहे. कोडमध्ये ती व्हीने करणं सेकंदाचं काम. तक्त्यात करायची तर प्रत्येक पतपेढीच्या सर्व्हरवर जावं लागेल. म्हणून ती डब्ल्यूनेच आहे आणि राहील.

आता दुसरा भाग. दुरुस्ती करायची म्हणजे आपोआप करायची का? माझं उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असं आहे. सुचवावं, कारण दाखवावं, आणि थांबावं.

1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात वॉरन टाइटलमन यांनी लिस्प भाषेसाठी ‘ड्विम’ नावाची सोय केली. तिच्या नावाचा अर्थच ‘मला जे म्हणायचंय ते कर’ असा. कल्पना काळाच्या फार पुढची होती आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण हॅकरांच्या, म्हणजे जुन्या संगणकवेड्यांच्या, जार्गन फाइल या शब्दकोशात नोंदलेला किस्सा असा, की झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात एकाने डिस्कवर जागा करण्यासाठी एडिटरने मागे ठेवलेल्या जुन्या प्रती पुसायची आज्ञा दिली. तशी एकही प्रत नव्हती. ड्विमने ठरवलं की याला ‘सगळंच पुसा’ म्हणायचं असणार, आणि पुसायला सुरुवात केली. अक्षरांच्या हिशेबात ती आज्ञा एका चिन्हावर होती. परिणामांच्या हिशेबात केवढी लांब! जवळचं नाव शोधणारा पुढे काय होणार हे बघत नसेल तर त्याला बदल करायचा अधिकार देऊ नये.

गिटमध्येही (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातही) यातला एक प्रकार बरीच वर्षं होता. आज्ञा चुकीची टाइप केली तर ती सुधारून चालवायची एक सेटिंग आहे, आणि चालवण्याआधी किती थांबायचं तो आकडा त्यात द्यायचा. तो आकडा सेकंदांत नसून सेकंदाच्या दहाव्या भागात आहे. पुष्कळ लोक ‘हो’ या अर्थाने 1 लिहीत, आणि गिट 0.1 सेकंद थांबून आज्ञा चालवून टाकत असे. थांबलो म्हणायचं आणि माणसाला वाचायलाही वेळ द्यायचा नाही, याला विचारणं म्हणत नाहीत. पुढे त्यात ‘आधी विचार’ असा पर्याय आला. तोच ठेवावा.

कारण दोन्ही नावं खरी असण्याची शक्यता आपल्याला वाटते त्यापेक्षा फार जास्त असते. मी डोंबिवलीहून येते आणि आमच्या ऑफिसातली निम्मी माणसं बोरिवली-विरारकडून. दादरला उतरतो सगळेच. पण रेल्वेच्या दप्तरी मध्य रेल्वेचं दादर म्हणजे डीआर आणि पश्चिम रेल्वेचं दादर म्हणजे डीडीआर. दोन कोड, एका अक्षराचा फरक, मधे फक्त एक पूल, आणि बोलताना दोन्ही ‘दादर’च. अक्षरं मोजणाऱ्याला यातला एक कोड हमखास टायपिंगची चूक वाटेल. कोणत्या गाडीचा विचार चाललाय हे पाहणाऱ्याला वाटणार नाही.

कोडमधली सगळ्यात वाईट चूक तिथेच लपते, जिथे दोन्ही नावं अस्तित्वात आहेत आणि चुकीचं नाव बरोबर लिहिलेलं आहे. आरंभीच्या शिल्लकेऐवजी अखेरची शिल्लक वापरली. कंपायलर समाधानी, स्पेलिंग निर्दोष, प्रकारही जुळतो, ताळेबंद मात्र जुळत नाही. यावर मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या मिल्टियाडिस अलामानिस आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये चांगलं काम मांडलं. प्रोग्राम हा नुसता मजकूर न धरता त्यातली नावं एकमेकांशी कशी जोडलेली आहेत याचा आलेख करायचा, आणि एखादी जागा रिकामी ठेवून तिथे उपलब्ध नावांपैकी कोणतं शोभेल हे मॉडेलला ओळखायला लावायचं. त्याच वर्षी मायकेल प्राडेल आणि कौशिक सेन यांचं डीपबग्ज आलं. फंक्शनला दिलेल्या दोन नावांची अदलाबदल झाली आहे का, हे ते नावांच्या अर्थाच्या जवळिकीवरून हुडकतं. रुंदीच्या जागी उंची गेली तर माणूस नुसतं वाचूनही चमकतो. तसंच ते.

इथे नाव लिपीच्या पातळीवरून उठून अर्थाच्या पातळीवर जातं. मला हे वाचून खरोखर आनंद झाला होता, कारण अक्षरं कितीही काळजीपूर्वक मोजली तरी तिथे पोचता येत नाही.

भाषा-मॉडेलांवर चालणारे साहाय्यक आता बहुतेक एडिटरांत बसले आहेत आणि ते अर्थ पकडण्यात जुन्या साधनांच्या खूप पुढे आहेत. पण त्यांची एक सवय मी रोज पाहते: फाइलमध्ये जे आहे त्याचा ते मान ठेवतात. दोन ए असलेली थकबाकी वर एकदा आली की खाली तेही विश्वासाने दोन ए घालतात. चूक मग एका ओळीत राहत नाही, पुढच्या सगळ्या ओळी तिच्याशी सुसंगत होतात, आणि शंभरदा-एकदा हा पुरावाच पुसला जातो. म्हणजे जन्माच्या क्षणी विचारण्याची गरज या काळात वाढली आहे, कमी झालेली नाही.

पॅकेजांच्या, म्हणजे इतरांनी लिहून वाटायला ठेवलेल्या तयार कोडच्या, नावांबाबत तर एडिटरने जास्तच जपून सुचवावं. तिथे नावांची यादी आपल्या फाइलपुरती नसते, साऱ्या जगाची असते, आणि त्यात लबाड माणसंही नावं नोंदवतात. 2017 मध्ये एनपीएमवर (जावास्क्रिप्टच्या पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारात) ‘क्रॉस-एन्व्ह’ या लोकप्रिय पॅकेजच्या नावातली आडवी रेघ काढून एक बनावट पॅकेज टाकलं गेलं होतं. घाईत रेघ विसरली की ते आपल्या मशीनवर यायचं आणि तिथली गुपितं बाहेर पाठवायचं.

आता आमच्या घरचा प्रश्न. एडिटरमधले शुद्धलेखन तपासणारे जोड-प्रोग्राम चांगले आहेत. उंटाच्या पाठीसारखी मधेमधे मोठी अक्षरं असलेली नावं ते सुटी करून एकेक शब्द तपासतात. पण आमच्या फाइलमध्ये ‘व्याज’, ‘हप्ता’, ‘भरणा’ सगळ्यांखाली रेघ, कारण त्यांच्या कोशात हे शब्दच नाहीत. सगळंच चूक म्हणणाऱ्या साधनाचं कोणी ऐकत नाही, लोक ते बंद करतात. त्याबरोबर खऱ्या चुका पकडण्याची सोयही जाते. मराठी, तमिळ, बंगाली शब्द रोमनमध्ये लिहून कोड करणारी माणसं या देशात थोडी नाहीत. त्यांच्या शब्दांना ओळख नसणं ही मला दुय्यम गोष्ट वाटत नाही.

उच्चारावरून नावं जुळवायची जुनी रीतही आपल्या कामाची नाही. साउंडेक्स नावाच्या त्या रीतीचं पेटंट 1918 चं, अमेरिकेतल्या आडनावांसाठी केलेलं. त्यात पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवतात, म्हणून व्हीने लिहिलेला वाघमारे आणि डब्ल्यूने लिहिलेला वाघमारे कधीच जुळत नाहीत. मधल्या अक्षरांतही व्हीला 1 हा आकडा मिळतो आणि डब्ल्यू गाळलाच जातो, म्हणून ‘जावळे’ दोन तऱ्हांनी लिहिलं की दोन माणसं होतात. इंग्रजी कानाला तो फरक खरा आहे. आपल्या कानाला तो नाहीच.

म्हणून आम्ही स्वतःचा छोटा तपासनीस लिहिला. कोड जमा करताना तो फक्त नवी जन्मलेली नावं उचलतो. प्रत्येकाचं एक साधं रूप करतो: डब्ल्यूचा व्ही, दोन एचा एक, ई-ई आणि आय एक, ओ-ओ आणि यू एक, पीएच आणि एफ एक, एक्स आणि के-एस-एच एक. ‘ज्ञ’ कोणी डी-एन-वाय-एने लिहितं, कोणी जी-वाय-एने, तेही एक. टी आणि टी-एच मात्र वेगळेच ठेवतो, कारण ‘त’ आणि ‘थ’ आपल्याला वेगळे हवेत. मग तेच साधं रूप असलेलं जुनं नाव प्रकल्पात आहे का हे पाहतो. असेल तर दोन्ही नावं, जुनं नाव कुठे वाचलं जातं आणि नवं कुठे, हे दाखवून विचारतो: ‘तेच की नवं?’ उत्तर ‘नवं’ आलं तर ते प्रकल्पाच्या कोशात नोंदवतो आणि पुन्हा त्रास देत नाही. स्वतः एकही अक्षर बदलत नाही.

हा तपासनीस आमच्या त्या नव्या मुलीने पुढे नेला. थकबाकी त्याने पकडली असती. अडतो तो एका ठिकाणी. कर्जाला जो जामीन राहतो तो, आणि तारण म्हणून जी जमीन ठेवतात ती, रोमनमध्ये दोघांची साधी रूपं एकच होतात. दोन्ही कर्जाच्या फाइलमध्ये, दोन्ही एकाच अर्जावर. तपासनीस दर वेळी विचारतो आणि दर वेळी त्याचं विचारणं योग्यच असतं. शेवटी तिने काकांना फोन लावला आणि विचारलं, तुम्ही काउंटरवर काय म्हणता? ते म्हणाले, “आम्ही माणसाला जामीनदार म्हणतो आणि जमिनीला तारण.” मग कोडमध्येही आम्ही तेच केलं.